सराव किती, यापेक्षा कसा?

पियानोचा सराव जितका अधिक तितका उत्तम, असे पुष्कळांना वाटते. परंतु ही समजूत बरोबर नाही. थोर पोलिश संगीतकार फ्रेडरिक शोपाँ (१८१०–१८४९) पॅरिसमध्ये पियानो शिकवीत असत. आपण रोज ६ तास सराव करतो, असे एका शिष्येने सांगताच ते रागावले आणि ३ तासांहून अधिक सराव करण्यास त्यांनी तिला मनाई केली. यंत्रवत् घोटण्याने बुद्धी बधिर होते, अशी त्यांना धास्ती वाटे. ती रास्तच होती. मन थकले की कान चुका टिपत नाहीत आणि त्या चुकाच बोटांच्या अंगवळणी पडतात. याचा अर्थ आळस करावा, असा नव्हे. नवशिक्याने अर्धा तासच वाजवावे. पण रोज, नेमाने आणि प्रत्येक सूर ऐकून वाजवावे.