लाजेची शाळा

दीड-दोन वर्षांचं पोर आंघोळ करून उघडंच बाहेर पळत येतं आणि घरातली शहाणीसुरती माणसं टाळ्या वाजवून ओरडतात, "शेम शेम!"

वय आपण अगदी नेमकं गाठतो. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळ माणसाकडे पाहून हसतं, आठव्याच्या आसपास अनोळखी चेहऱ्याला बिचकतं. लाज मात्र त्याच्या गावीही नसते. आरशातलं बाळ म्हणजे आपणच, हे त्याला साधारण दीड-दोन वर्षांचं झाल्यावर उमगतं आणि मग कुठे ते दुसऱ्याच्या नजरेने स्वतःकडे पाहू लागतं. त्या पहिल्या नजरेत आपण त्याला काय दाखवतो? हसं!

१९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर या अमेरिकी संशोधकांनी एका तान्ह्या मुलाला भीती शिकवली. पांढरा उंदीर समोर ठेवायचा आणि मुलाने हात पुढे केला की मागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. आधी उंदराला मुळीच न भिणारं ते मूल पुढे सशालाही घाबरू लागलं. आज कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग होऊ देणार नाही. आपल्या घरांत तो बिनपरवाना चालतो. "जेवला नाहीस तर बागुलबुवा नेईल." "डॉक्टरकाकांना सांगून सुई टोचायला लावीन." मग तेच पोर दवाखान्याच्या दारात किंचाळलं की वर धपाटा, कारण चारचौघांत आपली शोभा झाली!

पुढे वाटण्या होतात. मुलग्याला रडायची बंदी: "मुलीसारखा काय रडतोस?" मुलीला रागाची बंदी: "परक्या घरी जायचंय तुला." ताट भिरकावणारा नवरा आणि मुकाट सोसणारी बायको हे याच शाळेचे गुणवंत विद्यार्थी. त्यांच्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो, स्वभावाला औषध नाही. स्वभाव म्हणे!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. सर्वांत जास्त, २२,७४६, महाराष्ट्रात. देशभरातल्या दर दहांत सात पुरुष. कर्ज, आजार, घरातले कलह, कारणं पुष्कळ असतात; सारं खापर एका "रडू नकोस"वर फोडणं खोटेपणाचं होईल. पण मदत मागायची तर आधी दुःख बोलून दाखवावं लागतं, आणि पुरुषाला नेमकं तेच आपण पाळण्यापासून निषिद्ध ठरवलं आहे.

शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली. घराच्या उंबऱ्याशी तो कायदा थांबतो. तिथे आई-बापांनो, आजी-आजोबांनो, तुमचंच राज्य आहे. तेव्हा मुलगा रडत घरी आला तर डोळे पुसायला लावण्याआधी काय झालं ते विचारा. आणि मुलगी चिडली असेल, तर तिचं म्हणणं खरं आहे का, एवढं तरी पाहा.