एक्सप्लेनर : ‘काम का करत नाहीत?’ विचारण्याआधी फॉर्म उघडून पाहा

सिग्नलला काचेवर टकटक झाली की गाडीत हमखास एक वाक्य ऐकू येतं : ‘धडधाकट आहेत, काम का करत नाहीत?’ तृतीयपंथी व्यक्ती काम मागायला जाते तेव्हा काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

पोलीस भरतीत काय घडलं?

2022 च्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात लिंगासाठी पर्याय दोनच होते, पुरुष आणि स्त्री. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा तृतीयपंथीयांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच मान्य केला होता. नोकरीत भेदभावाला मनाई करणारा कायदाही 2019 मध्ये आला होता. तरीही अर्ज भरता यावा एवढ्यासाठी उमेदवारांना मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जावं लागलं. मॅटने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं, तर सरकार त्याविरोधात मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथे कानउघाडणी झाल्यावर डिसेंबरमध्ये सरकारने पर्याय देण्याची तयारी दाखवली.

एवढं अवघड होतं का?

मी इंजिनिअरिंग केलंय. वेब फॉर्ममध्ये एक पर्याय वाढवणं हे चहा थंड व्हायच्या आत होणारं काम आहे. खरा प्रश्न त्याच्या मागचा : धावण्याची वेळ किती, गोळाफेकीचे निकष कोणते? हे प्रश्न खोटे नाहीत. पण कायदा येऊन तीन वर्षं झाली तरी ते कुणी सोडवायला घेतले नव्हते. 2011 च्या जनगणनेत पुरुष-स्त्री सोडून ‘इतर’ अशी नोंद राज्यात सुमारे 41 हजार जणांची झाली होती. म्हणजे मोजताना रकाना सापडला, नोकरी देताना सापडला नाही.

आणि लोक काय म्हणतात?

‘समाज अजून तयार नाही’ हे कार्यालयांचं आवडतं उत्तर. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये उलटं झालं. ग्रामपंचायतीसाठी अंजली पाटील यांनी महिला प्रवर्गातून भरलेला अर्ज, त्या तृतीयपंथी असल्याने, छाननीत बाद झाला. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला. निवडणूक झाली आणि गावाने त्यांना निवडून दिलं. त्याआधी 2017 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केलं होतं. अडलं होतं ते छाननीच्या टेबलावर, मतपेटीत नाही.

आता आपल्याकडे येऊ. सोसायटीच्या भाडेकरूंचा फॉर्म, कॉलेजच्या फेस्टची नोंदणी, ऑफिसच्या मुलाखतीचं गुगल शीट, यांतलं काही ना काही आपल्यापैकी कुणीतरीच बनवतं. पुढच्या वेळी लिंगाचा रकाना खरंच लागतो का, ते आधी बघा. लागत असेल तर तिसरा पर्याय टाका. आणि तो पर्याय निवडून कुणी मुलाखतीला आलंच, तर पहिला प्रश्न कामाचा विचारा.