बीजगणिताच्या तासाला टेट्रिस

अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी स्थायिक असलेल्या आजी-आजोबांच्या पाहण्यात ही वस्तू नक्की आली असेल. नातवंड आठवी-नववीत गेलं की शाळेच्या सामानाच्या यादीत वह्या-पेन्सिलींबरोबर एक जाडजूड कॅल्क्युलेटरही असतो. किंमत शंभर डॉलरच्या घरात. "गणितं करायला एवढं महागाचं यंत्र?" असं आजोबा म्हणतात खरे, पण रात्री जेवणं झाल्यावर नातू कोपऱ्यात बसून त्यावर भराभर बोटं चालवतोय हे पाहून त्यांचा ऊर भरून येतो. पोरगं बीजगणित करत नसून पडद्यावरच्या सापाला दाणे भरवतंय, हे त्यांना कोण सांगणार!

हा साधा बेरीज-वजाबाकीचा कॅल्क्युलेटर नव्हे. आपण शाळेत आलेखाच्या कागदावर एकेक बिंदू मांडून अन्वस्त काढायचो; याला समीकरण दिलं की हा स्वतःच वक्र काढून दाखवतो. असा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ मध्ये बाजारात आणला. अमेरिकन शाळांवर मात्र राज्य केलं ते डलासच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने. तिचा टीआय-८१ आला १९९० मध्ये. १९९४ पासून सॅट परीक्षेत कॅल्क्युलेटर चालू लागला आणि १९९५ पासून एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत तर आलेखवाला कॅल्क्युलेटर सक्तीचाच झाला. झालं! लाखो दप्तरांत हे यंत्र जाऊन बसलं. परीक्षेच्या नियमांनी त्याचं रूपही ठरवलं. टीआय-९२ ला टाइपरायटरसारखा कीबोर्ड होता म्हणून सॅटने तो दाराबाहेर ठेवला. १९९८ मध्ये जवळजवळ तेवढीच अक्कल असलेला टीआय-८९ साध्या कळा लावून आला आणि बिनबोभाट आत गेला.

आता मुलांच्या बाजूने पाहा. वर्गात व्हिडिओ गेम आणला तर तो जप्त होणार. पण हा पडदेवाला डबा बाईंनीच बाकावर काढून ठेवायला सांगितलेला! पडदा कृष्णधवल, जेमतेम ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा. आत झेड-८० नावाची चिप. ही चिप काही ऐरीगैरी नव्हे. १९८० मध्ये ज्या पॅक-मॅनने जगाला वेड लावलं, त्याच्या यंत्रातही हीच चिप होती. म्हणजे शाळेने नकळत प्रत्येकाच्या हाती एक छोटं आर्केड यंत्रच दिलं होतं म्हणा ना.

खेळ मात्र आयते मिळत नसत. यंत्रात बेसिक भाषेची सोय होती, त्यामुळे मुलं तिथेच एकेक कळ दाबून प्रोग्राम लिहीत. टीआय-८३ वर कोणती कळ दाबली हे यंत्र आकड्याने कळवतं. डावा बाण २४, वरचा २५, उजवा २६, खालचा ३४. पहिला अंक कळांच्या ओळीचा, दुसरा स्तंभाचा. चेंडू उजवीकडे न्यायचा तर 'क्ष'मध्ये एक मिळवा, आणि भिंतीवर आपटला की त्या एकाचं चिन्ह बदला. ऋण संख्या, निर्देशक, असमानता... जो धडा फळ्यावर कंटाळवाणा वाटत होता, तोच बाकाखाली मन लावून गिरवला जात होता. शिक्षकांची पाठ वळली की दोन कॅल्क्युलेटरांत छोटी केबल जोडून खेळ या यंत्रातून त्या यंत्रात जात.

बेसिक संथ. टेट्रिसचे तुकडे मुंगीच्या पावलाने उतरायचे. वेग हवा तर चिपशी तिच्या भाषेत बोलायला हवं, आणि ते दार कंपनीने बंद ठेवलेलं. १९९४ मध्ये छंदिष्टांनी टीआय-८५ मध्ये फट शोधली. त्या यंत्राची सगळी स्मृती केबलने संगणकावर उतरवून ठेवता येई. यांनी ती प्रत संगणकावर बदलली, आपला प्रोग्राम आत दडवला आणि परत यंत्रात भरली. यंत्राने निमूटपणे मानली! मग मात्र खेळ खरोखर पळू लागले. कंपनीही पुढे सैलावली. १९९९ च्या टीआय-८३ प्लसमध्ये तिने ही सोय स्वतःच दिली आणि 'पझल पॅक' नावाचे खेळही दिले.

परीक्षेआधी शिक्षक कॅल्क्युलेटरची स्मृती पुसायला लावत, कारण जिथे साप राहतो तिथे सूत्रंही राहू शकतात. यावर पोरांनी असा प्रोग्राम केला की पडद्यावर 'स्मृती पुसली' हे नुसतं उमटायचं. हा लबाडपणाच, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण खऱ्यासारखा पडदा रचायला काय काय समजलेलं असावं लागतं, हे जाणकारांना विचारा.

२००९ चं प्रकरण तर थेट बीजगणिताचंच. टीआय-८३ प्लसवर कंपनीची डिजिटल सही असल्याशिवाय दुसरी प्रणाली चढत नसे. त्या सहीचं मर्म म्हणजे दीडशेहून अधिक अंकी एक संख्या. तिचे अवयव पाडायला घरच्या संगणकाला कित्येक आठवडे लागले, पण ते पडले! कंपनीने वकिली नोटिसा धाडल्या, तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था छंदिष्टांच्या बाजूने उभी राहिली. मग २०२० मध्ये परीक्षेतली कॉपी रोखण्याच्या कारणाने कंपनीने टीआय-८४ प्लस सीई या रंगीत यंत्रावरून चिपच्या भाषेतले प्रोग्राम चालवण्याची सोयच काढून घेतली. कंपनीचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. पैसे मोजतो पालक, पण तिचं खरं गिऱ्हाईक परीक्षा मंडळ. तरीही सक्तीने विकत घ्यायला लावलेली वस्तू उघडून पाहण्याचा हक्क ती घेणाऱ्या मुलाला नसावा, हे मला पटत नाही. छंदिष्टांनी त्याच वर्षी आडवाट शोधलीच. कंपनीने पुढे पायथॉन भाषा दिली. ती चांगली असली तरी अंगणापुरतीच.

महाराष्ट्र बोर्डाच्या गणिताला कॅल्क्युलेटरच चालत नाही, त्यामुळे आपल्या पोरांच्या वाट्याला लॉगची कोष्टकं आली, आणि कोष्टकात टेट्रिस कुठून बसवणार? तिकडेही आता सॅट संगणकावर होते आणि आलेखाचा कॅल्क्युलेटर पडद्यावरच मिळतो.

अमेरिकेतल्या नातलगाच्या घरी कपाटात जुना टीआय-८३ सापडला, तर चार बारीक सेल घालून पाहा. आत बटणाएवढा पाचवा सेल असतो, स्मृती राखणारा. तोही संपला असेल तर यंत्र सुरू होईल, आलेखही काढेल. शाळकरी हातांनी लिहिलेले खेळ मात्र गेलेले असतील.