न पचणारा घास

जे अन्न पचते तेवढेच उपयोगी आणि जे पचत नाही ते व्यर्थ, असे आपण सहज मानून चालतो. म्हणूनच पीठ चाळून कोंडा फेकला जातो आणि मटकीच्या उसळीपेक्षा मैद्याच्या बिस्किटाला पुष्कळदा अधिक मान मिळतो. हा समज आपण सोडून द्यावा, असे मला वाटते.

भाताभाकरीतील बहुतेक पिष्ट लहान आतड्यात पचते व त्याची साखर रक्तात मिसळते. परंतु कांदालसणातील इन्युलिन, कडधान्यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज आणि कोंड्याचा काही भाग यांचे विघटन करण्याचे सामर्थ्य आपल्या पाचक रसांत नाही. ही कर्बोदके न पचताच सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात उतरतात. तेथे असंख्य सूक्ष्मजीवांची वस्ती असते. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबते, त्याप्रमाणे ते या कर्बोदकांना आंबवतात. त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले निर्माण होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण मुख्यतः ब्युटिरिक आम्लावरच होते. म्हणजे आपल्याला न पचलेला घास दुसऱ्याच्या हातून तयार होऊन पुन्हा आपल्याच कामी येतो!

सूक्ष्मजीवांचे असे हितकर पोषण करणाऱ्या पदार्थांना १९९५ साली गिब्सन व रॉबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिले. निसर्गाची योजना मात्र फार जुनी आहे. आईच्या दुधातही बाळाला न पचणाऱ्या कित्येक शर्करा असतात आणि त्यांवर त्याच्या आतड्यातील हितकारक जीवाणू वाढतात. जे मातेच्या दुधात आहे, त्याला निरुपयोगी कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, उसळीने पोटात वायू धरतो. हे खोटे नाही. आंबण्याच्या क्रियेत वायू सुटायचाच. पण तेवढ्यासाठी कडधान्ये वर्ज्य करणे म्हणजे धूर होतो म्हणून चूलच विझवणे होय. कडधान्ये भिजवून मोड आणले आणि त्यांचे प्रमाण हळूहळू वाढवले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

दारी आलेल्या अतिथीला विन्मुख न धाडण्याची आपल्याकडे रीत आहे. मग जन्मभर आपल्याजवळ राहून आपलेच काम करणाऱ्या या सोबत्यांना आपण उपाशी का ठेवावे?