एक्सप्लेनर : ऑफरच्या गर्दीत विजेचा इशारा हरवतो तेव्हा... मोबाईलवरच्या 'ग्रुप'चं गणित नेमकं चुकतं कुठे?

मंगरूळपीर : जून लागला की मंगरूळपीर तालुक्यातल्या मोबाईलला उसंत मिळत नाही. सोयाबीन बियाण्याचा नवा स्टॉक आला, तणनाशकावर सूट, ट्रॅक्टर कर्जाची 'खास तुमच्यासाठी' योजना, पीकविम्याची आठवण, त्यात कुठल्या तरी शॉपिंग ॲपचा सेल. शेतकरी वावरात असतो, हात चिखलात असतो. संध्याकाळी तो फोन हातात घेतो आणि एका बोटाने सगळं 'क्लिअर ऑल' करून टाकतो.

याच फोनमध्ये 'दामिनी' ॲप असू शकतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं हे ॲप आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातल्या विजांची सूचना देतं. पेरणीच्या दिवसांत झाडाखाली उभं राहायचं की घराकडे निघायचं, हे ठरवायला ती सूचना उपयोगी पडते. पण दिवसभर वाजणाऱ्या फोनला कंटाळून तो सायलेंटवर टाकलेला असेल, तर विजेची सूचना आणि तणनाशकाची सूट एकाच ढिगात पडते. फोन वाजवून वाजवून लोकांना बहिरं करण्याचं काम मार्केटिंगवाल्यांनी केलं आहे. त्यात मोठ्या कंपन्या आहेत, तसे गावातले दुकानदारही आहेत.

यादी मोठी, पण पोहोचते किती?

नोटिफिकेशन पाठवणाऱ्या बहुतेकांचा समज असा, की यादी जितकी लांब तितका धंदा मोठा. बिलबुकातले नंबर, मेळाव्यातल्या रजिस्टरमधले नंबर, ओळखीच्या दुकानदाराकडून आलेली एक्सेल फाईल, सगळं एकत्र करून 'कस्टमर' नावाचा एकच ग्रुप तयार होतो. मग रिसोडच्या माणसाला मंगरूळपीरच्या दुकानातली ऑफर जाते आणि ज्याने फक्त कापूस लावला त्याला सोयाबीनचा सल्ला.

इथे तांत्रिक बाजू समजून घ्यायला हवी. ॲपचं पुश नोटिफिकेशन मोबाईल नंबरवर जात नाही. फोनमध्ये ॲप टाकलं की त्या इन्स्टॉलेशनला एक 'टोकन' मिळतं, आणि संदेश त्या टोकनवर जातो. ॲप काढून पुन्हा टाकलं किंवा फोन बदलला की टोकन नवं. जुनं मात्र यादीत तसंच पडून राहतं. अँड्रॉइडवर गुगलची 'फायरबेस' सेवा २७० दिवस संपर्कात न आलेलं टोकन कालबाह्य धरते. थोडक्यात, ज्या 'दहा हजार ग्राहकां'चा अभिमान मिरवला जातो, त्यात किती फोन जिवंत आहेत हे यादी साफ केल्याशिवाय कळत नाही.

एसएमएसच्या यादीचं दुखणं वेगळं. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या रजिस्टरमधला 'शेतकरी' आज मुंबईतला कॉलेजचा विद्यार्थीही असू शकतो. शिवाय खेड्यात एक नंबर म्हणजे एक माणूस असं कुठे असतं? वडिलांच्या खात्याला पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर जोडलेला असतो. फवारणीचा सल्ला हिंजवडीत वाजतो आणि वावरातल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. नंबर घेताना 'हा फोन कोण वापरतं?' एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मं काम होईल. तो मात्र कोणी विचारत नाही.

ग्रुप हंगामासोबत बदलायला हवा

ग्रुप पाडायचे तर गाव, पीक आणि हंगाम हे तीन निकष पुरेसे आहेत. 'सोयाबीन' नावाचा ग्रुप जूनमध्ये बरोबर असतो. ऑक्टोबरमध्ये सोंगणी झाली की त्यातले बरेच जण हरभऱ्याकडे वळतात. ज्याने तूर आंतरपीक घेतलं, तो जानेवारीपर्यंत तुरीच्याही ग्रुपमध्ये हवा. एक माणूस दोन ग्रुपमध्ये असण्यात काही वावगं नाही, फक्त एकच संदेश त्याला दोनदा जाता कामा नये. ॲपमध्ये यासाठी 'टॉपिक' ही सोय असते. आपल्याला काय हवं ते ग्राहक स्वतः निवडतो.

व्हॉट्सॲप ग्रुप हा सगळ्यांना सोपा वाटणारा रस्ता आणि तोच सर्वात धोक्याचा. १,०२४ जणांपर्यंतच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसू शकतो. अशा ग्रुपमध्ये कोणी कर्जाचा एजंट शिरला, तर त्याला आयती यादी मिळाली. त्यापेक्षा 'ब्रॉडकास्ट लिस्ट' बरी. तिची मर्यादा २५६ आहे आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश पोहोचतो. दुकानदार याला अडचण म्हणतात. खरं तर ही ग्राहकाची संमती तपासण्याची फुकट मिळालेली चाचणी आहे.

१९०९ वर तक्रार केली तरी?

अनेकांना वाटतं की 'डीएनडी' लावला की संपलं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम कॉल आणि एसएमएसना लागू आहेत. २०२५ पासून एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावापुढे 'पी' म्हणजे जाहिरात, 'जी' म्हणजे सरकारी, अशी अक्षरंही दिसू लागली. पण ॲपचं नोटिफिकेशन इंटरनेटवरून येतं. तिथे १९०९ चा उपयोग नाही.

तिथे दोन गोष्टी कामाच्या आहेत. अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागावी लागते. ग्राहकाने दोनदा नाही म्हटलं की ॲपला पुन्हा विचारता येत नाही. दुसरी म्हणजे 'चॅनल'. अँड्रॉइड ८ पासून एकाच ॲपमधल्या ऑफर बंद आणि इशारे चालू ठेवता येतात, पण ॲप बनवणाऱ्याने दोन्ही वेगळे ठेवले असतील तरच. जाणूनबुजून सगळं एकाच चॅनलमध्ये कोंबणारे ॲप कमी नाहीत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीच्या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं हा कायदा सांगतो. संमतीची सूचना मराठीत मागण्याचा पर्यायही देतो. मेळाव्यात सही घेऊन गोळा केलेल्या नंबरांवर वर्षानुवर्षं जाहिराती पाठवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सरकारने आपत्तीच्या इशाऱ्यासाठी 'सेल ब्रॉडकास्ट'च्या चाचण्या २०२३ मध्ये घेतल्या, तेव्हा अनेकांचे फोन अचानक मोठ्याने वाजले होते. त्यात यादीच नसते. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनला थेट इशारा जातो. दुकानाला ती सोय नाही. त्याच्याकडे नंबरच आहेत, आणि मृग नक्षत्राच्या आधी ते एकदा तपासून घ्यायला दोन दुपारच्या वर वेळ लागू नये.