पंचांग कीं कौमुदी?

आमचा नातू बोईसरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत नोकरीस आहे. जिची मूळ संहिता कोणासही पाहतां, पालटतां व वाटतां येते, ती लिनक्स नांवाची संगणकप्रणाली शिकण्याचें त्यानें गेल्या वर्षीं मनांत घेतलें व मुंबईहून एक जाडजूड जुना ग्रंथ स्वस्तांत आणिला. सायंकाळीं पालघरास परतल्यावर तो अभ्यासास बसे. पण ग्रंथांतील चित्र पडद्यावर दिसेना. महिन्याभरांत, "आजोबा, माझ्या बुद्धीस हें झेपत नाहीं," असें म्हणून त्यानें पुस्तक फडताळांत टाकिलें. मींही त्यास धरसोड्या म्हटलें.

पुढें तें पुस्तक मीं स्वतः चाळलें, तेव्हां दोष मुलाचा नसून निवडीचा आहे, हें ध्यानीं आलें. अर्धाअधिक ग्रंथ वीस वर्षांपूर्वींच्या रीतीनें प्रणाली संगणकावर कशी चढवावी, ह्यांतच खर्चीं पडला होता.

पंचांग वर्ष सरतांच निरुपयोगी होतें; लघुकौमुदी शतकें लोटलीं तरी शिळी होत नाहीं. ह्या पुस्तकांचेंही तसेंच आहे. प्रणाली चढविणें व पडद्याची मांडणी हा पंचांगाचा भाग. तो ताज्या आवृत्तींतूनच वाचावा. आज्ञा, फायली व त्यांवरील अधिकार हें व्याकरण; तें फारसें बदलत नाहीं. लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा १९९१ सालीं प्रसिद्ध केला, तरी त्याची घडण त्याहून जुन्या युनिक्सच्या धर्तीची आहे. म्हणूनच मॉरिस बाख ह्यांचा युनिक्सवरील १९८६ चा ग्रंथ अद्याप अभ्यासिला जातो. मात्र तो सिद्धान्तकौमुदीच्या जागीं. नवशिक्यास आरंभीं देऊं नये.

आरंभ विल्यम शॉट्स ह्यांच्या ‘द लिनक्स कमांड लाइन’ ह्या पुस्तकानें करावा. ग्रंथकारानें तें महाजालावर विनामूल्य ठेविलें आहे. इंग्रजी जड वाटल्यास पवईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ ऐकावे. कोणतेंही पुस्तक विकत घेण्यापूर्वीं त्यांतील चार-पांच आज्ञा संगणकास देऊन पाहाव्या. उत्तर पुस्तकाप्रमाणें येत असेल, आणि न आल्यास काय करावें हेंही पुस्तक सांगत असेल, तरच पैसे मोजावे.

नातवानें ह्या क्रमानें पुन्हा आरंभ केला. परवां त्यानें मला ‘मॅन’ ही आज्ञा दाखविली. तिच्यापुढें दुसऱ्या आज्ञेचें नांव लिहिलें कीं प्रणाली स्वतःच तिचा अर्थ सांगते. कोश पाहावयास शिकलेला विद्यार्थी सहसा मागें फिरत नाहीं, हा माझा जुना अनुभव. धरसोड्या हा शब्द मीं त्याच रात्रीं परत घेतला.