विल्मिंग्टनची ‘दंगल’

आज नोव्हेंबरची दहा तारीख. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन या बंदराच्या शहरी १८९८ साली याच दिवशी जे घडले, त्यास तेथील ग्रंथकार, शिक्षक आणि पत्रकार सुमारे शंभर वर्षे ‘दंगल’ असे म्हणत आले. दंगल म्हटली की दोन जमाव, दोहोंकडून दगड आणि थोडीफार दोघांचीही चूक असे चित्र मनापुढे उभे राहते. विल्मिंग्टनला तसे काही झाले नव्हते. कायद्याने स्थापन झालेली नगरपालिका एका सशस्त्र जमावाने भरदिवसा उलथून पाडली, कृष्णवर्णीय नागरिकांना रस्त्यांवर गोळ्या घातल्या, आणि त्याच दिवशी त्या जमावाचा पुढारी नगराध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. या कृत्याचा प्रारंभ एका वृत्तपत्राची कचेरी जाळून झाला, आणि त्याची पूर्वतयारी दुसऱ्या एका वृत्तपत्राने कित्येक महिने चालविली होती. म्हणूनच हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे.

आमच्याकडील शाळांतून अमेरिकेचा इतिहास लिंकनच्या खुनापाशी येऊन थांबतो. आम्हीही काही वर्षे शिक्षकी केली आहे आणि वर्गात हेच केले आहे: १८६३ ची घोषणा, १८६५ ची घटनादुरुस्ती, गुलाम मुक्त झाले, पुढील धडा उघडा! महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सत्पुरुषांना, त्यांनी गुलामांस दास्यमुक्त केले म्हणून, आदरपूर्वक अर्पण केला. तो आदर अस्थानी नव्हता. दास्याची बेडी खरोखरीच तुटली होती. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स गावी, न्यायकचेरीचे रक्षण करण्यासाठी जमलेल्या कृष्णवर्णीयांची गोऱ्या टोळीने कत्तल केली. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात. त्यांतील पुष्कळजण शरण आल्यानंतर मारले गेले. ज्या थोड्यांना शिक्षा झाली त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १८७६ साली न्यायालयाने सांगितले की चौदावी घटनादुरुस्ती राज्यसत्तेच्या कृत्यांना बांधते, खाजगी व्यक्तींच्या कृत्यांना नव्हे. आरोपी सुटले. या निकालाचा अर्थ दक्षिणेतील गोऱ्या पुढाऱ्यांस नेमका उमजला.

१८९८ मधील विल्मिंग्टन हे राज्यातील सर्वांत मोठे शहर. तेथे कृष्णवर्णीयांची वस्ती अधिक. नगरपालिकेत, पोलिसांत, बंदराच्या जकात खात्यात त्यांची माणसे होती. तरीही सत्तेचा मोठा वाटा गोऱ्यांकडेच होता, हे येथे सांगून ठेवले पाहिजे. खरी भीती निराळीच होती. राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतांवर उभा असलेला रिपब्लिकन पक्ष आणि कर्जाने गांजलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांचा पॉप्युलिस्ट पक्ष यांनी युती करून सत्ता मिळविली होती. दरिद्री गोरा आणि दरिद्री काळा एकत्र मत देऊ लागला, तर बड्या जमीनदारांचे आणि गिरणीमालकांचे कसे व्हावे? ही युती फोडण्याचा विडा त्या वेळच्या डेमोक्रॅटिक पक्षाने उचलला, आणि तो तडीस नेण्याचे मुख्य साधन ठरले राजधानी रॅले येथील ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ हे दैनिक.

त्याचे संपादक जोसेफस डॅनियल्स. गोऱ्या स्त्रियांवर हात टाकणारा कृष्णवर्णीय ही एकच गोष्ट त्यांनी नावे व गावे बदलून महिनोन्‌महिने छापली. ‘निग्रो राजवट’ अशी अक्षरे पंखांवर मिरविणारे, गोऱ्यांस नखांत धरणारे वटवाघूळ-पिशाच त्यांच्या व्यंगचित्रकाराने रंगविले; ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी तेवढे पुरेसे होते. पुढे १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत डॅनियल्स यांनी कबूल केले आहे की त्या दिवसांत लोक कोणत्याही दुष्कृत्याच्या कथेवर विश्वास ठेवावयास तयार होते, आणि तिची शहानिशा करण्याची फारशी काळजी त्यांच्या पत्राने घेतली नाही. ही कबुली वाचल्यावर कोणाही संपादकाला उद्याच्या अंकाची प्रुफे पुन्हा एकदा चाळाविशी वाटावीत.

या प्रचाराला उत्तर दिले अलेक्झांडर मॅन्ली यांनी. विल्मिंग्टनचे ‘डेली रेकॉर्ड’ हे कृष्णवर्णीयांचे दैनिक ते चालवीत. जॉर्जियातील रेबेका फेल्टन या बाईंनी गोऱ्या स्त्रियांच्या रक्षणार्थ हवे तितके लिंचिंग, म्हणजे जमावाने माणूस पकडून फासावर लटकाविणे, करावे असे भाषण केले होते. ऑगस्ट १८९८ मध्ये मॅन्ली यांच्या पत्राने लिहिले की ज्यांना बलात्कार म्हटले जाते त्यांतील कित्येक संबंध उभयतांच्या संमतीचे असतात, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांची अब्रू गोऱ्या पुरुषांनी किती काळ लुटली याचाही हिशेब व्हावा. हाच मजकूर विरोधी पत्रांनी निवडणुकीपर्यंत पुनःपुन्हा छापला.

८ नोव्हेंबरची निवडणूक धाकदपटशाने आणि लबाडीने जिंकली गेली. परंतु नगरपालिकेची निवडणूक पुढील वर्षी होती आणि तोवर थांबण्याची कोणाची तयारी नव्हती. ९ तारखेस शहरातील प्रतिष्ठित गोऱ्यांच्या सभेने जाहीरनामा काढला: मॅन्ली यांनी शहर सोडावे, त्यांचे छापखान्याचे यंत्र बाहेर जावे, आणि कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी सकाळी साडेसातपर्यंत उत्तर द्यावे. उत्तर लिहिले गेले. नमते घेणारेच होते. परंतु सशस्त्र पहाऱ्यांतून ते घेऊन जाण्याचे धैर्य न झाल्याने ते टपालात टाकले गेले व वेळेवर पोचले नाही. पोचते तरी काय फरक पडता, हे आम्हांस सांगता येत नाही. अॅल्फ्रेड वॅडेल या माजी काँग्रेस-सभासदाच्या नेतृत्वाखाली जमाव निघाला आणि त्याने ‘डेली रेकॉर्ड’ची इमारत जाळली. जळक्या इमारतीपुढे बंदुका घेऊन उभे राहिलेल्या या लोकांनी आपले छायाचित्र काढून घेतले. ते आजही उपलब्ध आहे. त्यात कोणी तोंड लपविलेले नाही.

मग शहरभर गोळीबार सुरू झाला. व्यापाऱ्यांनी खरेदी केलेली जलद गोळ्या झाडणारी तोफ गाडीवर घालून कृष्णवर्णीय वस्तीतून फिरविण्यात आली. बायका-मुले थंडीत दलदलीच्या रानात लपली. किती माणसे मेली याचे अंदाज चौदापासून साठपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. नगराध्यक्ष व सभासद यांच्याकडून राजीनामे घेण्यात आले, वॅडेल गादीवर आले, आणि नकोशा काळ्या-गोऱ्या पुढाऱ्यांना आगगाडीत बसवून हद्दपार करण्यात आले. मॅन्ली आधीच निसटले होते. अध्यक्ष मॅकिन्ले यांनी काही केले नाही. एकाही मारेकऱ्यास शिक्षा झाली नाही.

बंदुकीने मिळविलेले पुढे कायद्याने पक्के केले गेले. १९०० च्या घटनादुरुस्तीने मतदारास साक्षरतेची परीक्षा लावली; मात्र ज्याचा बाप वा आजा १८६७ च्या प्रारंभापूर्वी मतदार होता, त्यास काही वर्षे सूट! कोणाचे आजे त्या वेळी मतदार होते आणि कोणाचे गुलाम, हे सांगावयास नकोच. १८९६ साली राज्यात सव्वा लाखाहून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते; १९०२ मध्ये ते सुमारे सहा हजार उरले. राज्याचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी १९०० साली लिंचिंगविरोधी विधेयक काँग्रेसमध्ये मांडले, ते बारगळले. १९०१ मध्ये ते स्वतःही बाहेर पडले. त्या राज्यातून दुसरा कृष्णवर्णीय प्रतिनिधी १९९२ साली निवडून आला, आणि लिंचिंगविरुद्धचा केंद्रीय कायदा २०२२ च्या मार्चमध्ये झाला. डॅनियल्स मात्र १९१३ साली विल्सन यांचे नौदलमंत्री झाले.

राज्याने २००० साली चौकशी आयोग नेमला. २००६ मधील त्याच्या अहवालाने हा पूर्वनियोजित कट होता असे नमूद केले, आणि त्याच वर्षी ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ने विशेष पुरवणी काढून आपल्या जुन्या पापाची माफी मागितली. रॅले येथील डॅनियल्स यांचा पुतळा त्यांच्या कुटुंबीयांनीच २०२० साली हलविला. त्यांच्या पत्राचे १८९८ चे अंक ग्रंथालयांतून अभ्यासकांना पाहावयास मिळतात. मॅन्ली यांच्या ‘डेली रेकॉर्ड’चे शिल्लक अंक हाताच्या बोटांवर मोजता येतील.